गोळी, वजन आणि डोळ्याचा पडदा

(दृश्य: हुपरी, कोल्हापूरजवळचं चांदीकामाचं गाव. पैंजणाच्या कडीत घुंगरू अडकवणारी बोटं.)

बोटं सवयीनं चालतात, पण कडीचं बारीक तोंड डोळ्यांनाच शोधावं लागतं. अशा हातांना आमवात जडला, की बऱ्याचदा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू होतं. औषध चांगलं आहे. पण ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि डोळ्याच्या पडद्याखालच्या रंगद्रव्याला चिकटून बसतं.

हिशेब वजनाचा. किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम. ४५ किलोच्या बाईला २२५ च्या आत, म्हणजे २०० ची एकच गोळी. दोन घेतल्या तर जवळपास दुप्पट! ६० किलोला ३०० बसतात, तेव्हा डॉक्टर एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दोन अशा देतात. आजारपणात वजन उतरलं, तर जुनी चिठ्ठी चालवू नका. मूत्रपिंडं कमजोर असतील, तर औषध नीट बाहेर पडत नाही आणि तोच डोस जड होतो.

डोस मर्यादेत असेल, तर १० वर्षांपर्यंत पडद्याला इजा होण्याचा धोका २ टक्क्यांहून कमी. २० वर्षांनंतर मात्र तो २० टक्क्यांच्या घरात जातो.

(दृश्य: चष्म्याच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता.)

शेवटची ओळ वाचली, म्हणजे पडदा शाबूत, असं नाही. इजा मधला बिंदू सोडून त्याच्याभोवती कड्यासारखी सुरू होते. घुंगरू दिसतं, शेजारची कडी हरवते.

ही इजा पकडतात दोन तपासण्या. ओसीटी म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन; त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेघ कुठे तुटली आहे ते दिसतं. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा आवाका मोजणाऱ्या चाचणीत, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, नजर मधल्या खुणेवर ठेवायची आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके शोधत नजर फिरली, की रिपोर्ट बिघडतो. दमलात तर सांगा, थांबता येतं. फील्ड टेस्टचा नेहमीचा प्रकार, १०-२, मधले १० अंशच पाहतो. आशियाई रुग्णांत इजा बऱ्याचदा त्याबाहेर सुरू होते, म्हणून जास्त रुंद भाग पाहणारी २४-२ सुद्धा करून घ्यावी.

पहिली तपासणी गोळी सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत, ५ वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची गोळी) चालू असेल, तर ५ वर्षं थांबू नये.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तरी घाबरून गोळी स्वतःहून सोडू नका, सांधे पुन्हा भडकतात. तो निर्णय सांध्यांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा.

(दृश्य: कोल्हापूरचं एसटी स्टँड, हातात फाईल.)

गडहिंग्लज, आजऱ्याहून येताना सोबत कुणीतरी आणा; बाहुली मोठी करणारे थेंब घातले, तर काही तास धूसर दिसतं. फाईलच्या पहिल्या पानावर लिहा: गोळी कधी सुरू झाली, दिवसाला किती, आजचं वजन, शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी).