खेड्यातल्या मंडळीची उन्हाळी शाळा
(पुण्यातल्या स्वयंसेवकांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित रूपात)

जय ख्रिस्त.

उन्हाळ्यात खेड्यातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या ख्रिस्ती कुटुंबांत, मुलांची बायबलची शाळा घ्यायला जायचं ठरलं की तरुण संघात पहिली चर्चा टी-शर्टच्या रंगाची होते. ती सगळ्यांत शेवटी करू. आधी हे विचारा: जूनच्या तिसऱ्या रविवारी, आपण कुणीच तिथं नसताना, त्या मंडळीत संडे स्कूल कोण घेणार? उत्तरात एखाद्या बाईंचं किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं नाव मिळालं, तर सगळी आखणी त्या माणसाला धरून करायची. नाव मिळालं नाही, तर यंदा पाच दिवसांची शाळा भरवूच नका. एका दिवसाचा मुलांचा मेळावा घ्या आणि पुढचं वर्षभर माणूस शोधा. दौंड, शिरूर, पुरंदरकडच्या वीस-पंचवीस घरांच्या मंडळीला पंचवीस पाहुण्यांचा जथा झेपत नाही. त्यांना जेवू घालण्यातच तिथल्या बायांची सुट्टी संपते.

बाहेरून आलेली मदत कुठं टिकते, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी दुष्काळग्रस्त मुली केडगावला आणल्या. नुसतं अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. शिवण, विणकाम, पुढं छपाईसुद्धा त्या मुलींच्या हाती दिली. आपलं काम त्यापुढं चिमूटभर आहे, पण काम कुणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न तोच.

आता तारखा. वार्षिक परीक्षा एप्रिल अखेरीपर्यंत रेंगाळतात आणि शाळा जूनच्या मध्याला उघडतात. हातात सहा-सात आठवडे दिसतात खरे, पण त्यात लग्नसराई आहे, गावची यात्रा आहे, उन्हाळ कांद्याची काढणी आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात निम्मी मुलं मामाच्या गावाला जातात आणि तितकीच दुसऱ्या गावांहून येतात. ती आलेली मुलं शाळेला हौसेनं बसतात, पण जूनच्या रविवारी ती नसणार. म्हणून मला जूनचा पहिला आठवडा बरा वाटतो. मुलं परतलेली असतात आणि ऊनही थोडं उतरलेलं असतं. धोका वळवाचा. दुपारनंतर वावटळ सुटते, मांडव उडतो, वीज जाते. त्यामुळं मांडवावर भिस्त ठेवायची नाही आणि सगळा कार्यक्रम सकाळीच उरकायचा.

मार्चमध्ये दोघांनी जाऊन पाहणी करावी. देवळाची, म्हणजे चर्चच्या इमारतीची, किल्ली कुणाकडे असते, संडास किती आणि त्यांना पाणी आहे का, छप्पर लोखंडी पत्र्याचं, सिमेंटच्या पत्र्याचं की स्लॅबचं, प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, फोनला रेंज कुठं येते. वीज नेमकी कोणत्या लाइनवरून येते हे गावच्या वायरमनला विचारा. देऊळ गावठाणाबाहेर असलं तर जोडणी कधी कधी शेतीच्या लाइनवर असते, आणि शेतीची वीज पाळीनं येते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. स्पीकर आणि पंख्याच्या भरवशावर बसलात तर सोमवारी सकाळीच शाळा मुकी होते. पेटी आणि ढोलकीला मीटर लागत नाही.

त्याच फेरीत मंडळीच्या एखाद्या पंचांना बरोबर घेऊन सरपंचांना आणि पोलीस पाटलांना भेटा. आपण कोण, किती दिवस, कुठं उतरणार, हे तोंडी सांगाच आणि एका कागदावर लिहूनही द्या. लाउडस्पीकर लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी काढावी लागते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. पन्नास मुलांना स्पीकर लागतोच कशाला, असं माझं मत.

पालकांचं संमतिपत्र मराठीत, एका पानाचं. त्यात स्वच्छ लिहायचं की इथं बायबलच्या गोष्टी सांगितल्या जातील, गाणी म्हटली जातील, प्रार्थना होईल. गावातली इतर घरांची मुलंही गंमत म्हणून येतात. त्यांच्या आईवडिलांची सही नसेल तर मुलाला प्रेमानं घरी पाठवा आणि संध्याकाळी स्थानिक ताईंबरोबर त्या घरी जा. खाऊचं आमिष, भेटवस्तूचं आमिष, ‘उद्या आलास तर दप्तर मिळेल’ असलं काही बोलायचं नाही. कुणाच्या देवाधर्माबद्दल वावगा शब्द तर नकोच. तुम्ही पाच दिवसांनी निघून येता. तुमच्या एका वाक्याची किंमत त्या वीस घरांना वर्षभर मोजावी लागते.

माणसांचा हिशेब पन्नास मुलांवर करू. वयाप्रमाणे चार गट: बालवाडीची, पहिली-दुसरीची, तिसरी ते पाचवी आणि त्यावरची. प्रत्येक गटाला दोन मोठी माणसं, म्हणजे आठ. स्वयंपाकाला दोन, नोंदणीला एक, पाणी आणि प्रथमोपचाराला एक. एकूण बारा, आणि त्यातली किमान सहा त्याच मंडळीतली हवीत. म्हणजे पुण्याहून पाच-सहाजणच जायचे. तीसजण तयार असतील तर पाच गावं घ्या. एका गावात तीस नेऊ नका.

गोष्ट सांगायचं काम स्थानिक शिक्षिकेचं. पाहुण्यानं हस्तकला घ्यावी, खेळ घ्यावेत, पाणी भरावं. इथं बऱ्याचजणांचा हिरमोड होतो, कारण गोष्ट सांगायला सगळ्यांनाच आवडतं. पण मुलांच्या मनात गोष्ट आणि सांगणारा एकत्र बसतात, आणि सांगणारा गावातच राहणारा असला तर गोष्ट पुढं चालू राहते. शिवाय तिला गाव ठाऊक असतं. २३ वं स्तोत्र घ्या. पुण्याहून नेलेल्या रंगीत चित्रात कापसाच्या गोळ्यासारखी पांढरी मेंढरं आणि हिरवंगार कुरण असतं. पुरंदरच्या पोराला मेंढरू म्हणजे काळं, राठ लोकरीचं दख्खनी जनावर. धनगराची वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, कशी लावतात, रात्री मेंढरं आत कशी कोंडतात, लांडगा आला की कुत्री कशी उठतात, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्या बाई सहज विचारतात, ‘आपल्या रानात मेंढरं बसवायला येतात, ती रात्री मोजतं कोण?’ आणि सगळा वर्ग बोलायला लागतो. चित्र घडी करून पिशवीत ठेवा.

पाठांतराचं वचन दिवसाला एकच, आठ-दहा शब्दांचं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं, तीनदा सगळ्यांनी मिळून वाचायचं, मग एक शब्द पुसायचा आणि पुन्हा म्हणायचं. सुरुवात नामांनी करू नका. आधी ‘आहे’, ‘मला’ असे हलके शब्द पुसा, वजनदार शब्द शेवटी. दहा मिनिटांत फळा कोरा होतो आणि वचन पाठ झालेलं असतं. ज्याला वाचता येत नाही त्याला फळा पुसायला उभा करा, म्हणजे तो मागं पडत नाही.

वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा. लोखंडी पत्र्याखाली अकरानंतर मुलं ऐकत नाहीत, नुसती बसतात. गाणी-प्रार्थना २५ मिनिटं, गोष्ट २०, वचन १५, मग खाऊ, हस्तकला ३०, उरलेला वेळ खेळ. हस्तकलेत नेहमी फसतं ते हे: पन्नास मुलांना चार कात्र्या. कागद आदल्या रात्री कापून, प्रत्येक मुलाचा संच सुतळीनं बांधून ठेवा. डिंकाच्या बाटल्या फिरवत बसण्यापेक्षा बाटलीच्या झाकणात थोडा डिंक आणि बोटानं लावणं बरं. चमकी नको. सतरंजीतून ती दिवाळीपर्यंत निघत नाही आणि झाडतात त्या मंडळीच्या बाया.

पिण्याच्या पाण्याचा अंदाज मुलामागं अर्धा लीटर, मोठ्यांना एक लीटर. पन्नास मुलं आणि बारा मोठी धरली की ३७ लीटर, म्हणजे वीस लीटरचे दोन जार. हात धुवायला नळाचं पिंप वेगळं. टँकरचं पाणी असेल तर गाळून घ्या आणि क्लोरीनच्या गोळीच्या पाकिटावर जितक्या लीटरला लिहिलंय तितक्यालाच टाका. त्यानंतर अर्धा तास थांबायचं. घाईघाईनं लगेच ओतलं तर ते नुसतंच वासाचं पाणी.

सरबत पन्नासजणांना साडेसात लीटर पुरतं: पंधरा लिंबं, पाऊण किलो साखर, दोन छोटे चमचे मीठ. त्यात बाजारातला बर्फ टाकू नका. तो खाण्याच्या पाण्याचा असेलच याची खात्री नसते. माठ वापरा. खाऊला गूळ-शेंगदाणे उत्तम: दीड किलो शेंगदाणे, पाऊण किलो गूळ. कुणाला शेंगदाण्यानं त्रास होतो का, हे संमतिपत्रातच विचारलेलं असावं. पोहे करायचे तर दोन किलो, आणि सकाळी केलेले दुपारपर्यंत ठेवायचे नाहीत. श्रीखंड, बासुंदी, कापून ठेवलेलं कलिंगड यांच्या वाटेला जाऊ नका.

जुलाब किंवा उलट्या झाल्या तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच. मूल लहान म्हणून अर्धं पाकीट ग्लासात टाकणं चूक. तयार केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मिठाचा हात सैल सोडू नका. उन्हानं मूल तापलं, बरळायला लागलं, पाय टाकताना अडखळलं, तर आधी सावली, अंगभर ओलं फडकं आणि वारा, आणि त्याच मिनिटाला १०८ ला फोन. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

मुलांच्या सुरक्षेबद्दल गुळमुळीत बोलून चालणार नाही. कुठल्याही मोठ्या माणसानं एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही, मोटरसायकलवर एकटं न्यायचं नाही. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तर नाहीच. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. ‘आधी पंच कमिटीत बसू’ ही सोय कायद्यात नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक दारावर मोठ्या अक्षरांत लावा.

शेवटच्या दिवशी साहित्य गुंडाळून पुण्याला आणू नका. फळा, रंग, चित्रं, हजेरीवही, उरलेले कागद तिथंच कपाटात राहतील. किल्ली शिक्षिकेकडे. पुढच्या सहा रविवारांचे धडे तिच्याबरोबर बसून लिहून ठेवलेले असावेत, छापील पुस्तकातल्या पानांच्या आकड्यांसकट. जुलैत दोघांनी एसटीनं जावं आणि मागं बसावं. पन्नासांतली पंधरा मुलं टिकली असतील तर काम नीट चाललंय. एकाच आळीतली सगळी मुलं गळालेली दिसली तर मात्र शिक्षिकेबरोबर त्या आळीत जाऊन या. तिथं बहुधा काही बोलाचाली झालेली असते.

मोठ्यांसाठी काय करायचं, असं नेहमी विचारतात. संध्याकाळी तासभर भजन ठेवा. नारायण वामन टिळकांच्या अभंगांवर वाढलेल्या म्हाताऱ्यांना गिटारपेक्षा टाळ-मृदंग जवळचा. दिवसा श्रमदान. कबरस्तानातली वेडी बाभूळ तोडताना बुंधा जमिनीलगत कापून सोडली तर पावसाळ्यात दुप्पट फुटते. ती मुळासकट खणावी लागते. कोणाच्याही कबरीवरचा क्रूस घरच्यांना विचारल्याशिवाय हलवायचा नाही. भिंतीला चुना द्यायचा तर कळीचा चुना लोखंडी पिंपात, आधी पाणी आणि मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलं तर उकळून अंगावर उडतो, आणि प्लॅस्टिकची बादली वितळते. रात्रभर ठेवून गोणपाटातून गाळा आणि पातळ दोन हात द्या. जुना ऑइल पेंट खरवडल्याशिवाय चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात. डोळ्यांना चष्मा हवाच. सिमेंटच्या पत्र्यावर कुणीही चढायचं नाही. तो वरून भक्कम दिसतो आणि पाय ठेवला की फुटतो.

खरा उपयोग होतो तो घरच्यांचे दाखले तपासून द्यायला मांडलेल्या टेबलाचा. जूनच्या तोंडावर शाळाप्रवेशासाठी धावपळ असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. बाप्तिस्म्याची नोंद त्याची जागा घेत नाही, हे मंडळीत स्पष्ट सांगावं लागतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. टेबलावर दोघांनी बसून आधार, जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींतलं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकीकडे ‘दाविद’, दुसरीकडे ‘डेव्हिड’, आडनाव कुठं आहे, कुठं नाही. फरक सापडला की कुठला कागद कुठं दुरुस्त होतो ते मराठीत चिठ्ठीवर लिहून द्या: ग्रामपंचायत, आधार केंद्र की शाळा. जातीच्या दाखल्याबद्दल सल्ले देऊ नका. ख्रिस्ती कुटुंबांसाठी तो नाजूक आणि कायद्यानं गुंतागुंतीचा विषय आहे, तहसीलला पाठवा. आधारचे फोटो आपल्या फोनमध्ये काढून घ्यायचे नाहीत. झेरॉक्स लागली तर घरच्या माणसानंच काढून आणावी आणि मूळ कागदासह परत न्यावी.