जेवणाच्या सुट्टीतली धाव

लंडनच्या पॅडिंग्टन भागातल्या सेंट मेरीज रुग्णालयात जेवणाची सुट्टी झाली आहे. सकाळभर वॉर्डांतून वरिष्ठ डॉक्टरांच्या मागे फिरलेले वैद्यकीय विद्यार्थी जेवायला निघतात, तेव्हा त्यांच्यातला एक उंच, सडसडीत तरुण धावण्याचे बूट घेऊन रुग्णालयाबाहेर पडतो आणि जवळच्याच पॅडिंग्टन रिक्रिएशन ग्राउंड या सार्वजनिक मैदानाकडे झपाझप चालू लागतो. दाराशी तीन पेन्स भरायचे, कपडे बदलायचे, कोळशाच्या चाळलेल्या राखेने बनवलेल्या मार्गावर धावायचे आणि दुपारचे काम सुरू होण्याच्या आत परत वॉर्डात हजर व्हायचे, असा त्याचा आठवड्यातल्या बहुतेक दिवसांचा परिपाठ आहे. साल आहे 1953, महिना डिसेंबरचा. मैदानावर त्याला पाहायला कोणी थांबलेले नाही.

या विद्यार्थ्याचे नाव रॉजर बॅनिस्टर. पुढच्या मे महिन्यात तो एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत धावणारा जगातला पहिला माणूस ठरणार आहे. ती शर्यत आणि तिची वेळ अनेकांना पाठ असते. शर्यत धावणारा पूर्णवेळ विद्यार्थी होता, त्याच वर्षी त्याची शेवटची वैद्यकीय परीक्षा होती आणि सरावासाठी त्याच्या हातात दुपारचा जेमतेम एक तास होता, ही बाजू मात्र सांगण्याच्या ओघात मागे पडते. आपण तिच्याकडेच पाहणार आहोत.

बॅनिस्टरचा जन्म 23 मार्च 1929 रोजी लंडनजवळच्या हॅरो इथे झाला. वडील सरकारी नोकर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंब बाथ या गावी राहायला गेले आणि तिथल्या शाळेत त्याला आपण इतरांपेक्षा जास्त वेळ धावू शकतो हे कळले. 1946 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, वैद्यकीय शिक्षणासाठी तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एक्सेटर कॉलेजात दाखल झाला. खिळ्यांचे बूट त्याने पहिल्यांदा पायात घातले ते इथेच.

ऑक्सफर्डमध्ये इफ्ली रोडवर विद्यापीठाचे मैदान होते. तिथला धावमार्ग जुना आणि खडबडीत होता, आणि त्याच्या तीन फेऱ्या म्हणजे एक मैल, असे त्याचे आडनिडे माप होते. विद्यार्थ्यांच्या अ‍ॅथलेटिक्स क्लबचा अध्यक्ष झाल्यावर बॅनिस्टरने या मार्गाचा प्रश्न धसास लावला आणि त्याच्या पाठपुराव्यातून 1950 मध्ये तिथे 440 यार्डांचा, चार फेऱ्यांत मैल भरणारा नवा मार्ग तयार झाला. विद्यार्थी प्रतिनिधीच्या हातून झालेली कामे सहसा वार्षिक अहवालाच्या पलीकडे जात नाहीत. हे काम पुढे त्याच्या स्वतःच्याच कामी आले.

440 यार्ड हे माप आजच्या प्रेक्षकांना परके वाटेल. आपल्याकडची जुनी माणसे गावाचे अंतर फर्लांगांत सांगत. तशा दोन फर्लांगांची एक फेरी, आठ फर्लांगांचा एक मैल, म्हणजेच 1609 मीटर. चार मिनिटांत मैल पूर्ण करायचा तर प्रत्येक फेरी सरासरी साठ सेकंदांत संपवावी लागते. या हिशेबाच्या नीटनेटकेपणामुळेच चार मिनिटांच्या आकड्याने धावपटूंना आणि वार्ताहरांना इतका काळ झपाटून टाकले असावे.

1950 मध्ये पदवी मिळाल्यावर बॅनिस्टरने लगेच रुग्णालयाची वाट धरली नाही. शिष्यवृत्ती घेऊन तो मर्टन कॉलेजचा संशोधक विद्यार्थी झाला आणि शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याने जो विषय निवडला, त्यात त्याचे दोन्ही ध्यास एकत्र आले. माणूस धावत असताना त्याचा श्वास कसा बदलतो, आणि त्याला थांबायला लावणारे नेमके काय असते, हा त्याचा प्रश्न होता. प्रयोगासाठी त्याने ट्रेडमिल वापरले. व्यायामशाळांतून आज सर्रास दिसणारे हे यंत्र त्या काळी प्रयोगशाळेपुरते मर्यादित होते. चढावर ठेवलेल्या त्या पट्ट्यावर माणसाला दमून थांबेपर्यंत धावायला लावायचे, श्वासासाठी त्याला कधी साधी हवा तर कधी 33, 66 किंवा 100 टक्के प्राणवायू द्यायचा, आणि त्याचा श्वास व तीव्र श्रमाने रक्तात वाढणारे लॅक्टिक आम्ल मोजायचे, असे प्रयोगाचे स्वरूप होते. धावणाऱ्यांमध्ये तो स्वतः होता आणि त्याने गळ घातल्यावर तयार झालेले मित्रही होते. मैत्रीची याहून कडक परीक्षा क्वचितच कोणी घेतली असेल.

प्रयोगाचा निष्कर्ष थोडा अनपेक्षित होता. प्राणवायू वाढवला की माणूस जास्त वेळ धावू शकतो हे दिसलेच. पण सर्वांत चांगली कामगिरी शुद्ध प्राणवायूवर न होता 66 टक्क्यांच्या मिश्रणावर झाली. डॅनियल कनिंगहॅम यांच्याबरोबर लिहिलेला त्याचा शोधनिबंध 1954 मध्ये, म्हणजे विक्रमाच्याच वर्षी, शरीरक्रियाशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

शर्यतीत अर्थातच नळीने प्राणवायू घेता येत नाही. परंतु या कामातून बॅनिस्टरच्या मनात एक गोष्ट पक्की झाली: वेगात चढउतार झाले की शरीराला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ठरावीक अंतर कमीत कमी प्राणवायूत पार करायचे असेल तर वेग शक्य तितका सारखा ठेवायला हवा. प्रेरणादायी भाषणांतून एक गोष्ट हमखास सांगितली जाते, की चार मिनिटांत मैल धावणे मानवी शरीराला अशक्य आहे असे साऱ्या तज्ज्ञांचे मत होते आणि बॅनिस्टरने निव्वळ मनोबलाने ते खोटे पाडले. ती ऐकायला बरी असली तरी फारशी विश्वसनीय नाही. स्वीडनच्या गुंडर हेगने 1945 मध्येच 4 मिनिटे 1.4 सेकंद अशी वेळ नोंदवली होती, आणि दीड सेकंदाच्या फरकापाशी शरीराची भिंत उभी असते असे मानायला शरीरक्रियाशास्त्राच्या या विद्यार्थ्याला कोणतेच कारण दिसत नव्हते.

1951 मध्ये तो सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आला. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1928 मध्ये लावला तो याच रुग्णालयात. इथे दिवसाची रचना विद्यार्थ्याच्या हातात नव्हती. वॉर्ड, व्याख्याने, रुग्णांच्या नोंदी आणि परीक्षा यांतून जो वेळ उरेल तो खेळाचा. बॅनिस्टरला हे मान्य होते. धावणे हा आयुष्याचा एक भाग आहे आणि डॉक्टर होणे हे आयुष्याचे काम आहे, याबद्दल त्याची कधी ओढाताण झालेली दिसत नाही.

ओढाताण झाली ती 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, आणि वेगळ्याच कारणाने. 1500 मीटरच्या शर्यतीसाठी त्याने थोडक्या पण तीव्र सरावाने दोन शर्यतींची तयारी केली होती. ऐनवेळी उपांत्य फेरीची भर पडली आणि तीन दिवसांत तीन शर्यती धावाव्या लागल्या. अंतिम शर्यतीत लक्झेंबर्गच्या जोसी बार्थेलने सुवर्णपदक जिंकले; बॅनिस्टर चौथा आला. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याच्या सरावाच्या पद्धतीवर टीकेची झोड उठवली. हेलसिंकीत पदक मिळाले असते तर त्याने तिथेच धावणे थांबवले असते. पदक हुकल्यामुळे दोन महिने विचार करून त्याने आणखी दोन वर्षे धावायचे ठरवले, आणि डोळ्यांसमोर उद्दिष्ट ठेवले ते चार मिनिटांच्या आतल्या मैलाचे.

आता पुन्हा पॅडिंग्टनच्या मैदानावर येऊ. त्याचा सराव असा: 440 यार्डांची एक फेरी वेगाने धावायची, दोन मिनिटे थांबायचे, पुन्हा धावायचे, आणि अशा दहा फेऱ्या पूर्ण करायच्या. दहा फेऱ्यांची दहा-अकरा मिनिटे आणि मधल्या नऊ विश्रांतींची अठरा मिनिटे धरली तर सगळे काम अर्ध्या तासात आटोपते. जाण्यायेण्याला आणि कपडे बदलायला उरलेला अर्धा तास. आजच्या व्यावसायिक धावपटूला ही तयारी बालिश वाटेल. पण याहून जास्त वेळ नव्हताच, आणि प्रयोगशाळेत श्वासाचा हिशेब मांडलेल्या या विद्यार्थ्याने मिळणाऱ्या अर्ध्या तासातले प्रत्येक मिनिट कशासाठी खर्च करायचे ते नेमके ठरवले होते. वेळेच्या टंचाईने त्याचे नुकसान केले असे मला वाटत नाही. त्या टंचाईनेच त्याच्या सरावाला आकार दिला.

डिसेंबरात एका फेरीला 66 सेकंद लागत होते. आठवड्यामागून आठवडे गेले तसा हा आकडा उतरत गेला आणि 61 पाशी येऊन अडकला. आठवड्यातून एकदा क्रिस ब्रॅशर आणि क्रिस चॅटवे हे मित्र त्याच्याबरोबर सरावाला येत. त्यांना फ्रान्झ स्टाम्फ्ल या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन होते आणि बॅनिस्टरही त्यांचा सल्ला घेऊ लागला होता. एप्रिल उजाडला तरी 61 चा 60 होईना. तेव्हा सराव सोडून बॅनिस्टर आणि ब्रॅशर स्कॉटलंडच्या डोंगरांत कडे चढायला गेले. महत्त्वाच्या शर्यतीला काही आठवडे उरले असताना हा उद्योग कोणत्याही प्रशिक्षकाच्या अंगावर काटा आणणारा आहे. एक पाय घसरला असता तर सगळेच संपले असते. परत आल्यावर थोड्या विश्रांतीनंतर त्यांनी पुन्हा दहा फेऱ्या धावून पाहिल्या आणि फेरीची वेळ 59 सेकंद आली.

6 मे 1954, गुरुवार. त्या दिवशी सकाळी बॅनिस्टर नेहमीप्रमाणे रुग्णालयात गेला. मधल्या वेळात प्रयोगशाळेतल्या धार लावण्याच्या चाकावर त्याने बुटांचे खिळे घासून अणकुचीदार केले आणि धावमार्गावरची ओली राख चिकटू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइट चोळले. मग पॅडिंग्टन स्थानकावर ऑक्सफर्डची गाडी पकडली. गाडीत योगायोगाने स्टाम्फ्ल भेटले. बाहेर जोराचा वारा होता आणि अशा वाऱ्यात विक्रमाचा प्रयत्न वाया जाईल, अशी बॅनिस्टरला धास्ती होती. स्टाम्फ्ल यांचे म्हणणे असे, की वाऱ्यातही त्याची तेवढी ताकद आहे, आणि ही संधी सोडली तर ती पुन्हा येईलच याची खात्री कोणी द्यावी?

शर्यत होती इफ्ली रोडवर, त्याच्याच खटपटीतून झालेल्या त्या मार्गावर. संध्याकाळचे सहा वाजत आले तरी निर्णय होत नव्हता. मैदानाशेजारच्या चर्चच्या मनोऱ्यावर फडफडणाऱ्या झेंड्याकडे बॅनिस्टर पुन्हा पुन्हा पाहत होता. शर्यतीच्या थोडे आधी झेंडा लोंबू लागला आणि त्याला वेग धरून देण्यासाठी शर्यतीत उतरलेल्या ब्रॅशर आणि चॅटवेला त्याने होकार दिला.

पडद्यावर दिसणाऱ्या कृष्णधवल चित्रणात सर्वांत पुढे चष्मा लावलेला ब्रॅशर आहे, त्याच्या मागे 41 क्रमांकाचा बॅनिस्टर, आणि मग चॅटवे. पहिल्या फेरीत पाय इतके हलके पडत होते की बॅनिस्टरला वेग कमीच वाटला आणि त्याने ओरडून ब्रॅशरला आणखी जोरात धावायला सांगितले. ब्रॅशरने तिकडे लक्ष दिले नाही, हे फार बरे झाले. पहिली फेरी साडेसत्तावन्न सेकंदांच्या आसपास झाली होती, म्हणजे वेग पुरेसा होता. अर्धा मैल 1 मिनिट 58 सेकंदांत झाला. तिसऱ्या फेरीत ब्रॅशर दमल्यावर चॅटवेने पुढे होऊन वेग धरला. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा घड्याळाने नुकताच तीन मिनिटांचा टप्पा ओलांडला होता, म्हणजे शेवटची फेरी साठ सेकंदांहून कमी वेळात धावणे भाग होते. शेवटच्या वळणापूर्वी बॅनिस्टर चॅटवेला मागे टाकून पुढे झाला, आणि अंतिम रेषेपलीकडच्या हातांत अक्षरशः कोसळला.

ध्वनिक्षेपकावर नॉरिस मॅकव्हर्टर होते. त्यांनी शर्यतीचे नाव, विजेत्याचे नाव आणि कोणकोणते विक्रम मोडले त्यांची यादी असे सारे शक्य तितके लांबवत सांगितले आणि शेवटी वेळेकडे वळले. त्यांच्या तोंडून ‘तीन’ हा शब्द बाहेर पडताच पुढचे सारे लोकांच्या आरोळ्यांत बुडाले. वेळ होती 3 मिनिटे 59.4 सेकंद.

हा विक्रम 46 दिवस टिकला. 21 जूनला फिनलंडमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने तो दीड सेकंदाच्या आसपास फरकाने मोडला. 7 ऑगस्टला कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये दोघे समोरासमोर आले. लँडी बराच वेळ आघाडीवर होता. शेवटच्या वळणावर त्याने प्रतिस्पर्धी कुठे आहे हे पाहायला डावीकडे मान वळवली, आणि त्याच क्षणी उजवीकडून बॅनिस्टर पुढे गेला. दोघांनीही चार मिनिटांच्या आत मैल पूर्ण केला. कसब म्हणून पाहिले तर ही शर्यत मला मे महिन्यातल्या धावेपेक्षा सरस वाटते, कारण इथे वेग धरून द्यायला मित्र नव्हते. त्या महिनाअखेरीस बर्न इथे त्याने 1500 मीटरचे युरोपीय अजिंक्यपदही मिळवले.

त्याच वर्षी तो वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि वर्ष संपण्याआधी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने स्पर्धांतून निवृत्ती घेतली. रुग्णालयातल्या नव्या डॉक्टरला दुपारचा तासही मिळत नसे.

पुढे डॉ. रॉजर बॅनिस्टर मज्जासंस्थेच्या विकारांचे तज्ज्ञ झाले. श्वास, रक्तदाब, हृदयाची गती अशा आपोआप चालणाऱ्या क्रियांवर ताबा ठेवणारी स्वायत्त मज्जासंस्था हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. प्रयोगशाळेतल्या ट्रेडमिलपासून तो फार दूरचा म्हणता येणार नाही. आपल्याला अभिमान वाटतो तो वैद्यकीय कामाचा, मैलाचा त्याच्या नंतर, असे ते विचारणाऱ्यांना सांगत. 3 मार्च 2018 रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचे निधन झाले. स्पर्धा सोडल्या तरी धावणे त्यांनी सोडले नव्हते. 1975 मध्ये एका मोटार अपघातात घोट्याला गंभीर दुखापत होईपर्यंत ते सवड काढून धावत राहिले, आणि त्या वेळी हातात घड्याळ घेऊन कोणी उभे नसे.