शिबिर भरण्यापूर्वी

(दृश्य : फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याची इमारत. चिऱ्यांच्या भिंती, कौलारू छप्पर, लांब ओसरी. ओसरीवर चटया अंथरून बसलेले तरुण स्वयंसेवक.)

मे महिन्याच्या मध्यावर गोव्यातील शाळांना सुट्टी असते, परसातले फणस पिकलेले असतात आणि पावसाआधीची दमट हवा भर दुपारी अंगाला चिकटून राहते. याच दिवसांत अंत्रुज महालातील, म्हणजेच फोंडा तालुक्यातील, या अग्रशाळेत दिव्यांग मुलांचे आणि प्रौढांचे निवासी शिबिर भरणार आहे. अशा शिबिरांच्या चित्रफिती आपण पुष्कळ पाहतो. त्यांत गाणी असतात, रंगीत टोप्या असतात, शेवटच्या दिवशीचे डोळे पुसणेही असते. हा माहितीपट त्याआधीच्या दिवसांचा आहे, कारण शिबिर सुखरूप पार पडणार की नाही हे बहुतांशी तेव्हाच ठरते, आणि ते स्वयंसेवकांच्या उत्साहापेक्षा कागद, कुलपे, शौचालये आणि स्वयंपाकघर यांवर अधिक अवलंबून असते.

दिव्यांगांच्या प्रश्नांची चर्चा गोव्याला नवी नाही. जानेवारी 2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला आणि तेव्हापासून रॅम्प, सांकेतिक भाषा, दुभाषी हे शब्द येथील वर्तमानपत्रांत नित्याचे झाले. मात्र महोत्सवात पाहुणा संध्याकाळी घरी जातो. निवासी शिबिरात तो रात्री आपल्याकडेच झोपतो. तयारीतला सारा फरक येथून सुरू होतो.

(दृश्य : मेजावर पसरलेली माहितीपत्रके. एका पत्रकावर लाल शाईने केलेली खूण.)

सुरुवात कागदापासून होते. प्रत्येक शिबिरार्थीच्या घरून एक माहितीपत्रक भरून येते, आणि ‘सेरेब्रल पाल्सी’ एवढेच दोन शब्द लिहून आलेले पत्रक संयोजिका बाई निमूटपणे परत पाठवतात. निदानाच्या नावावरून डॉक्टरांना काही कळत असेल, रात्री दोन वाजता जाग्या झालेल्या स्वयंसेवकाला त्याचा उपयोग नसतो. त्याला हे कळायला हवे की या व्यक्तीला लघवीला जायचे असेल तर ती ते कसे सांगते, जेवायला तिला वीस मिनिटे लागतात की पाऊण तास, ती दिवा लावून झोपते की अंधारात, आणि चिडण्याआधी ती काय करते. एका आईने लिहिले आहे, ‘कानावर हात ठेवला तर दोन मिनिटांत बाहेर न्या.’ हे एक वाक्य निदानाच्या पानभर मजकुराहून मोलाचे आहे, आणि ती लाल खूण त्याच वाक्याखाली आहे.

पत्रके नीट वाचली तरच हेही ध्यानात येते की प्रत्येक दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नाही. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने ते 21 केले आणि त्यांत स्वमग्नता (ऑटिझम), थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन यांचा समावेश झाला. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा विकार, असलेला मुलगा पटांगणावर इतरांसारखाच धावताना दिसेल. पण त्याचा गुडघा दुखला म्हणून कोणी सद्भावनेने ॲस्पिरिनची गोळी दिली, तर त्याचा रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून या शिबिरात नियम असा आहे की स्वयंसेवकाच्या खिशात स्वतःची डोकेदुखीची गोळीसुद्धा असायची नाही. सर्व औषधे मूळ वेष्टनात, नावाच्या पिशवीत आणि कुलुपाच्या कपाटात राहतील, आणि देताना एक जण वाचेल, दुसरा पडताळेल, मग दोघे सही करतील.

(दृश्य : एक स्वयंसेवक जमिनीवर आडवा. दुसरा हातातील घड्याळाकडे पाहतो आहे.)

अपस्माराच्या झटक्याचा सराव सर्वांत जास्त वेळ घेतो, आणि तो तसा घेतलाच पाहिजे, कारण येथे नवे शिकण्याआधी जुने विसरावे लागते. फिट आली की कांदा फोडून हुंगवावा, नाकाला चप्पल लावावी, हातात चाव्यांचा जुडगा द्यावा, दातांत चमचा घालावा, हे सारे आपल्यापैकी बहुतेकांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेले असते. यांतील कशानेही झटका थांबत नाही, आणि चमच्याने मात्र दात तुटतात किंवा श्वास अडतो. करायचे ते साधे आहे. आधी घड्याळ पाहायचे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली काही मऊ सरकवायचे, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि झटके ओसरताच व्यक्तीला कुशीवर वळवायचे. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही.

झटका पाच मिनिटांहून लांबला, शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा आला, तो पाण्यात आला, त्यात दुखापत झाली किंवा तो त्या व्यक्तीचा आयुष्यातील पहिलाच असला, तर 108 ला फोन करायचा. काही जणांसाठी डॉक्टरांनी नाकात मारायचा, झटका थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा फवारा लिहून दिलेला असतो. तो लेखी सूचनेप्रमाणे आणि शिकवलेल्या व्यक्तीनेच द्यायचा. फोन कोणी करायचा आणि फाटकाशी उभे राहून रुग्णवाहिकेला वाट कोणी दाखवायची, हेही आजच ठरले आहे. देवस्थानाच्या आवारात शिरणाऱ्या वाटा दोन आहेत आणि त्यांतील एकीवर मोठी गाडी वळत नाही. फोंड्याचे उपजिल्हा इस्पितळ जवळ आहे. तेथून पुढे न्यायची वेळ आली तर बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ.

(दृश्य : अग्रशाळेमागील तळी. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. दोन स्वयंसेवक फीत घेऊन अंतर मोजत आहेत.)

गोव्यातील देवळांची तळी हे डोळ्यांना सुख देणारे दृश्य आहे, आणि शिबिराच्या दृष्टीने या आवारातली तीच सर्वांत धोक्याची जागा आहे. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना पाण्याची ओढ असते, आणि कोणाला न सांगता बाहेर पडण्याचीही. अशा रीतीने निघून गेलेल्या मुलांचे मृत्यू प्रामुख्याने बुडून होतात, हे अमेरिकेतील नोंदींतून स्पष्ट झाले आहे. त्यामुळे येथे दोन गोष्टी ठरल्या. तळीच्या बाजूची तीन दारे शिबिर संपेपर्यंत कुलूपबंद राहतील आणि चौथ्या दारावर दिवसरात्र माणूस असेल. कोणी दिसेनासे झाले तर खोल्या, शौचालये, पलंगाखाली असा शोध नंतर घ्यायचा. पहिल्या मिनिटाला दोघांनी तळीकडे आणि एकाने शेजारच्या बागायतीतील विहिरीकडे धावायचे. मूल पलंगाखाली असले तर ते पाच मिनिटांनीही तेथेच सापडेल.

चाकांच्या खुर्चीचा प्रश्न वेगळा आहे. अग्रशाळा दूरगावाहून येणाऱ्या महाजनांच्या (देवस्थानाच्या मानकऱ्यांच्या) आणि कुळाव्यांच्या (त्या देवाला कुलदैवत मानणाऱ्यांच्या) उतरण्यासाठी बांधल्या गेल्या; तेथे पायरी उंच आणि उंबरठा त्याहून ताठ. ओसरीला तीन पायऱ्या आहेत, एकूण उंची 45 सेंटिमीटर. उतार एकास बारा या प्रमाणात हवा, म्हणजे रॅम्प 5.4 मीटर लांब व्हायला हवा. सुताराने आणलेली दोन मीटरची फळी घसरगुंडी म्हणून उत्तम होती. ती परत गेली आणि नवा लांब रॅम्प बांधला गेला.

(दृश्य : स्वयंसेवक आळीपाळीने खुर्चीत बसून एकमेकांना ढकलत आहेत. एकाचा चेहरा जवळून.)

उतारावरून खुर्ची उतरवताना ती उलटी फिरवून, पाठीकडून उतरवायची, म्हणजे बसलेली व्यक्ती पुढे झेपावत नाही. हँडलला जड पिशव्या अडकवायच्या नाहीत, नाहीतर ती व्यक्ती उठताच खुर्ची मागे उलटते. खुर्चीतून पलंगावर हलवताना आधी ब्रेक लावायचा, मग पायटेकण्या बाजूला करायच्या, आणि काखेत हात घालून कोणालाही उचलायचे नाही. हे सारे एका दुपारी शिकता येते. खुर्चीत स्वतः बसून, मागचा माणूस न सांगता एकदम ढकलू लागला की पोटात कसा गोळा येतो, हे अनुभवल्यावर यांतील बहुतेक जण पुढच्या वेळी आपण होऊन ‘निघू या का?’ असे विचारू लागले. अंध व्यक्तीसोबत चालण्याचा धडा त्या मानाने छोटा आहे. आपण त्यांचा हात धरून ओढायचे नाही. त्यांनी आपल्या कोपराच्या वर धरायचे आणि आपण अर्धे पाऊल पुढे राहायचे.

मे महिन्यातील ऊन ही येथील खास अडचण आहे. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तींना दुखापतीच्या खालच्या अंगाला नीट घाम येत नाही आणि त्यांचे शरीर लवकर तापते. अपस्मारावरील टोपिरामेटसारख्या काही औषधांनीही घाम कमी होतो. पायांना संवेदना नसतील तर उन्हात ठेवलेल्या खुर्चीची धातूची दांडी पोटरी भाजते आणि बसलेल्याला पत्ताही लागत नाही. अशाच मणक्याच्या दुखापतीत लघवीची पिशवी भरून नळी अडकली, तर रक्तदाब अचानक भडकतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो. तेव्हा आडवे करायचे नाही. ताठ बसवायचे, कपडे सैल करायचे, नळी पिळवटली आहे का ते पाहायचे आणि तात्काळ वैद्यकीय मदत मागायची. हे वाचून दोन स्वयंसेवक घाबरले. बाईंना ते आवडले असावे, कारण त्यांनी त्या दोघांनाच त्या गटात नेमले.

(दृश्य : स्वयंपाकघर. मोठ्या टोपात शिजणारी पेज.)

स्वयंपाकघरात बोलणी जास्त लांबली. सकाळी पेज आणि लोणचे, दुपारी भात आणि हुमण, म्हणजे माशाची आमटी, असा बेत मावशींनी ठरवला होता, आणि गोव्यात त्यावर आक्षेप घेणे म्हणजे थोडे धाडसच. परंतु ज्यांना गिळण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी पेज हा अवघड पदार्थ आहे. वरचे पाणी घशाकडे झटकन जाते, तर तळची शिते तोंडातच राहतात. एकाच घासात दोन वेग सांभाळता न आल्याने ठसका लागतो आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. उपाय मावशींनीच काढला. त्या पाच जणांची पेज घोटून एकजीव दाट करायची आणि चमच्यातून सांडत नाही ना, ते पाहूनच वाढायची. हुमणातल्या बांगड्याचे काटे काढण्याचा भरवसा त्या देईनात, म्हणून या ताटांत मासा नाही. भरवणाऱ्याने समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसायचे, हनुवटी किंचित खाली ठेवू द्यायची आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. भरवणाऱ्याला घाई असेल, तर त्याने चमचा दुसऱ्याच्या हाती द्यावा.

स्नान आणि शौच यांविषयीचे नियम लेखी आहेत आणि त्यांवर चर्चा होत नाही. मदतनीस त्याच लिंगाचा किंवा त्या व्यक्तीने निवडलेला असेल, दुसरा स्वयंसेवक हाकेच्या अंतरावर असेल, आणि फोन बाहेर राहील. अल्पवयीन मुलाने काही वावगे सांगितले, तर बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आपसांत मिटवण्याचा अधिकार संयोजकांनाही नाही. छायाचित्रांसाठी प्रौढ शिबिरार्थींची संमती त्यांच्याकडूनच घ्यायची, आईवडिलांनी आधी होकार दिला असला तरी.

याच ओघात संबोधनाचा विषय निघाला. एकोणीस वर्षांची एक स्वयंसेविका डाउन सिंड्रोम असलेल्या चाळिशीतील गृहस्थांचा उल्लेख ‘बाळ’ असा करत होती. बाईंनी तिला विचारले, ‘तुझ्या शेजारच्या काकांना तू काय म्हणतेस?’ तेव्हापासून यादीत त्या गृहस्थांच्या नावापुढे काका आहे आणि सर्वांनी त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे आहे. त्यांच्याच पत्रकावर मानेविषयी सूचना आहे. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांतील सांधा काहींचा सैल असतो, म्हणून कोलांटउडी आणि मानेला हिसका बसणारे खेळ त्यांच्यासाठी नाहीत. काकांना नाचायला अतिशय आवडते. त्यांनी जरूर नाचावे, फक्त नाचता नाचता कोणी त्यांना खांद्यावर उचलू नये.

(दृश्य : फळ्यावर रात्रपाळीचे वेळापत्रक. एक नाव खोडून दुसरे लिहिले जाते.)

शेवटची बैठक झोपेवरून रंगली. सगळ्यांनाच रात्रभर जागायचे होते. बाईंनी पाळ्या चार-चार तासांच्या केल्या आणि रात्री जागणाऱ्याला सकाळी औषधे देण्यास मनाई केली, कारण पेंगुळलेल्या माणसाच्या हातून गोळ्या बदलतात. तेवढ्यात बसवाल्याचा फोन आला. शनिवारी येणाऱ्या दोन्ही गाड्यांच्या पायऱ्या उंच आहेत. गाडी मागे घेत ओसरीच्या जोत्याला लावता येईल का, हे पाहायला चौघे फीत घेऊन आवारात गेले, आणि परतल्यावर त्यांनी फळ्यावर लिहिले : पहिली गाडी उत्तरेकडून, खुर्चीवाले आधी उतरतील, सामान सर्वांत शेवटी.