कोणता हात?

[दृश्य: रात्रीचा वॉर्ड. एका खाटेभोवती पडदा ओढलेला.]

मॉनिटरचा आवाज आधी बंद होतो. डॉक्टर नाडी पाहतात, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकतात, डोळ्यांत टॉर्च मारतात, वेळ नोंदवतात आणि दुसऱ्या पेशंटकडे धावतात. त्यांना धावावंच लागतं. पडद्याआड उरते सिस्टर. घरचे बाहेर बाकावर आहेत. ते आत येईपर्यंत तिच्या हाताशी थोडा वेळ आहे.

ती सलाईन काढते आणि सुईच्या जागी कापसाचा बोळा दाबून धरते. मृत्यू अपघाती किंवा संशयास्पद असेल, तर नळ्या आहेत तशाच ठेवाव्या लागतात. अशा वेळी ती बाहेर जाऊन आधीच सांगते, आत तुम्हाला नळ्या दिसतील, घाबरू नका. पापण्या मिटवून ती काही क्षण बोटांनी धरून ठेवते. डबीतली कवळी धुऊन बसवते, कारण कवळीविना गाल आत जातात आणि आपलाच माणूस परका दिसायला लागतो. हे वेळेत करावं लागतं. साधारण दोन तासांनी जबडा ताठरायला लागतो, मग तोंड उघडं राहिलं तर उघडंच. केस विंचरते. भांग ते पाडायचे त्याच बाजूला.

"आजोबा, जरा कुशीवर वळवते हं," असं ती अजूनही त्यांना सांगते आहे.

चादर छातीपर्यंत ओढते. एक हात मात्र बाहेर ठेवते. धरता यावा म्हणून.

[दृश्य: कॉरिडॉर. बाजूची छोटी खोली, दोन खुर्च्या.]

मृत्यूची बातमी बहुतेक वेळा डॉक्टर देतात. पण घरच्यांना ती ऐकू येते थोड्या वेळाने, आणि तेव्हा समोर असते सिस्टर. "म्हणजे आता काय करणार तुम्ही?" असं कुणीतरी विचारतंच. 'सगळे प्रयत्न केले', 'आता शांत झोपलेत' असली वाक्यं इथे घात करतात. आशेला लोंबकळणारा माणूस झोपलेल्याला उठवायला निघतो. म्हणून ती खुर्ची ओढून समोर बसते आणि सरळ सांगते, "ताई, बाबा वारले." आणि गप्प राहते. ही गप्प राहण्याची वेळ फार लांब वाटते. नवी सिस्टर ती भरून काढायला काहीतरी बोलत सुटते. अनुभवी सिस्टर बसून राहते.

'रडू नका, धीर धरा' हे तर कुणी कुणाला म्हणूच नये, असं मला फार वाटतं. तिथे बसलेल्या माणसाला धीर धरून काय मिळवायचंय? आणि जो रडत नाही, कागदपत्रं कुठे मिळतील एवढंच विचारत राहतो, त्यालाही दगड समजू नये. त्याचं दुःख सध्या कागद शोधतंय.

मग प्रश्न सुरू होतात. खरं काम इथे आहे.

"श्वासाची घरघर होत होती, गुदमरत होते का हो?" शेवटच्या तासांत घशातला स्राव गिळायची ताकद राहत नाही, श्वास त्यातून जातो आणि आवाज येतो. पेशंट तेव्हा बहुधा शुद्धीत नसतो. तो आवाज बाहेरच्यांना जास्त छळतो. सिस्टर हे समजावते, एकदा नाही, तीन-तीनदा.

"मी बोलत होते, ते ऐकलं असेल?" 2020 साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी, प्रतिसाद न देणाऱ्या मरणासन्न पेशंटच्या मेंदूच्या लहरी तपासल्या. काहींच्या मेंदूने आवाजांची दखल घेतलेली दिसली. बोललेलं समजलं का, हे त्यातून ठरत नाही. सिस्टरही तेवढंच सांगते, "ऐकू गेलं असू शकेल."

आणि सगळ्यात जड प्रश्न. "पाच मिनिटं बाहेर गेले होते, आणि तेवढ्यात…" किती घरांत हे वाक्य आयुष्यभर पुरून उरतं.

सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न पेशंटची काळजी घेणारं रुग्णालय, उघडलं. माणूस कसा गेला, हे मागे राहिलेल्यांच्या आठवणीत राहतं, असं त्या सांगत. घरचे खाटेजवळ नव्हते, तर ती आठवण असते फक्त सिस्टरकडे. ती मागे राहिलेल्यांच्या हाती द्यायची असते. त्यात स्वतःच्या पदरचं काही घालायचं नसतं. खोटा दिलासा पुढे कधीतरी उघडा पडतो, आणि मग खरं सांगितलेलंही वाया जातं.

सिस्टरला स्वतःला थांबायला कुठे मिळतं? अमेरिकेतल्या जोनाथन बार्टेल्स या नर्सने एक रीत सुरू केली. मृत्यूनंतर सगळ्या टीमने खाटेभोवती मिनिटभर निःशब्द उभं राहायचं. एक मिनिट फार नाही. पण बऱ्याच ठिकाणी तेवढंही नसतं. बाजूची खाट बेल वाजवत असते.

[दृश्य: पडदा सरकतो. मुलगी आत येते.]

मुलगी बराच वेळ नुसती उभी राहते. मग विचारते, "माझं नाव घेतलं का?"

"नाही ताई. बोलले काही नाहीत." सिस्टर थांबते. "साडेतीनला कूस बदलून दिली, ओठ ओले केले. पाचच्या सुमाराला श्वासांतलं अंतर वाढलं, म्हणून मी इथेच बसले. हात धरून होते मी त्यांचा. एकटे नव्हते."

मुलगी डोळे पुसते.

"कोणता हात?"

सिस्टर चादरीबाहेरच्या हाताकडे बोट दाखवते, आणि खुर्ची पुढे ओढून देते.