किडनी काढण्याआधी तहानेची तालीम

नमस्कार. सत्कारात दिलेली सोलापुरी चादर मी आनंदानं घरी नेते. नारळ मात्र परत घ्या. नारळाशी माझं जुनं वैर आहे, कारण सांगतेच.

आधी विषय: जुन्या किडन्या काढायच्या ऑपरेशनची तयारी. प्रत्यारोपण म्हणजे जुन्या दोन्ही किडन्या काढणार, असं निम्म्या लोकांना वाटतं. तसं नसतं. बहुतेकांच्या जुन्या किडन्या जागीच राहतात. नवी खाली ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला बसवतात. काढतात त्यांच्या, ज्यांच्या किडन्या पाण्याच्या गाठींनी फुगून नवीला जागाच ठेवत नाहीत. निरोगी किडनी साधारण १५० ग्रॅमची. ही फुगलेली काही किलोंची होऊ शकते. शिवाय वारंवार जंतुसंसर्ग, रक्तस्राव, गोळ्यांना न जुमानणारं बीपी, हीही काढण्याची कारणं. १९५४ साली बोस्टनला जुळ्या भावांत पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं. त्या रुग्णाच्याही जुन्या किडन्या नंतर काढाव्या लागल्या.

आता नारळ. आमच्या डायलिसिस विभागात सोलापूरच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार यायचे. ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्यांचे दाजी भेटायला आले, दोन्ही हातांत शहाळी. मी म्हटलं, "दाजी, यांना पाणी मोजून आहे." दाजी म्हणाले, "सिस्टर, पाणी कुठंय? शहाळं आहे!" एका शहाळ्यात पाचसहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं, आणि किडनी बंद असलेल्याच्या हृदयाचे ठोके पोटॅशियम वाढलं की बिघडतात, हे मी सांगितलं. ते ऐकून घेतलं आणि दाजी म्हणाले, "मग अर्धं?" पेशंट बिचारा गप्प. घरचा जावई माणूस, त्यानं आणलेलं नको कसं म्हणायचं? शेवटी ती शहाळी आम्ही स्टाफनं प्यायलो. गोड होती, हे कबूल. तेव्हापासून मी म्हणते, तयारी पेशंटची नंतर करा, आधी पाहुण्यांची करा. (टाळ्या वाजवणाऱ्यांत किती दाजी आहेत, ते दिसतंय मला.)

माझा मुद्दा तहानेचा आहे. डायलिसिसवरच्या बऱ्याच जणांना थोडी लघवी होत असते. दोन्ही किडन्या काढल्या की नवी बसेपर्यंत तीही थांबते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर. ऑपरेशननंतर एकदम पाणी तोडलं तर माणूस चिडतो, चोरून पितो. म्हणून ऑपरेशननंतर दिवसाला किती पाणी, हा आकडा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि त्यांच्या परवानगीनं काही आठवडे आधी सराव सुरू करा. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा, चहा-ताकही त्यातच धरा. पेला लहान घ्या. बर्फाचा खडा चघळा, पण तोही मोजा. आणि मीठ कमी करा. खारट खाऊन तहान आवरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय म्हणे. मग भराभर सांगते. तंबाखू, मशेरी आजपासून बंद. दात दाखवून घ्या, कुजका दात प्रत्यारोपणानंतर महागात पडतो. रक्त पातळ करणारी गोळी मनानं थांबवू नका, डॉक्टर तारीख देतील. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या हाताला ना सुई, ना बीपीचा पट्टा. बहुधा आदल्या दिवशी डायलिसिस होतं आणि पोटॅशियम तपासतात. किडनी रक्तवाढीचं संप्रेरक बनवते, त्यामुळे ती काढल्यावर हिमोग्लोबिन घसरतं. इंजेक्शनं चुकवू नका. शक्यतो रक्त चढवणं टाळतात, कारण त्यानं अंगात परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. बीपी उतरू शकतं, तेव्हा जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवू नका, विचारा. नवी किडनी त्याच वेळी बसवायची की काही आठवड्यांनी, हेही आधीच विचारा, घरचे रजेचं बघतील.

प्रश्न असतील तर खाली भेटा. शेंगाचटणी चालेल का, हे विचारणार असाल तर थांबू नका. मीठही आहे, पोटॅशियम आणि फॉस्फरसही आहे. नाही चालणार.