होटगी रस्ता, पायरीपायरीनं

(दृश्य: सोलापूर. सकाळचा सात रस्ता चौक. रिक्षा, दुचाक्या, हॉर्न.)

समजा, होटगी रस्त्यावर दुचाकीचा अपघात झाला. हाड जुळलं, प्लास्टर निघालं. पण सहा महिन्यांनीही मागून ट्रकचा हॉर्न वाजला की छातीत धडधड, तळहात ओले. आधी होटगी रस्ता सुटतो, मग सात रस्ता, मग गाडीच. टाळलं की जरा सुटल्यासारखं वाटतं. गोम तिथंच आहे : टाळलं म्हणून वाचलो, एवढंच मेंदू शिकतो.

(दृश्य: वहीत आखलेला तक्ता.)

उपाय उलटा : जे टाळतो, त्याला पायरीपायरीनं सामोरं जायचं. त्यासाठी भीतीला ० ते १०० गुण द्यायची रीत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. बंद स्कूटीवर नुसतं बसणं, २०. गल्लीत फेरी, ३५. दुपारी सात रस्ता, ६०. ट्रकमागून होटगी रस्ता, ९०. सुरुवात ३० गुणांच्या आसपासच्या पायरीपासून. निघण्यापूर्वी वहीत लिहायचं, ‘चक्कर येऊन पडेन’. परत आल्यावर पाहायचं, पडलो का? धडधड पूर्ण थांबली नाही तरी चालतं. अंदाज चुकला, हे कळणं महत्त्वाचं. तीच पायरी पुन्हापुन्हा करायची.

बिघडतं कुठं? भीती टिपेला असताना माघारी फिरलं की. किंवा खिशात ‘असू दे’ म्हणून गोळी, मागं बसलेला भाऊ, अखंड जप. काही झालं नाही, तर श्रेय त्यांनाच जातं. (हेल्मेट यात येत नाही. ते डोक्यावरच हवं. डॉक्टरांनी दिलेली रोजची औषधंही मनानं बंद करायची नाहीत.)

अपघाताची आठवणच छळत असेल, तर मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांची पद्धत आहे. साधारण ८ ते १५ बैठका, बहुधा दीड तासाच्या. डोळे मिटून प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा : ‘ट्रक येतोय, ब्रेक लागत नाही.’ त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. सर्वांत नकोशा क्षणी माणूस भराभर पुढं सरकतो. थेरपिस्ट तिथंच थांबवतो. पहिल्यांदा हे एकट्यानं करू नये.

(दृश्य: अशोक चौक परिसर. यंत्रमागाचा खडखडाट.)

‘कसंतरीच व्हायलंय.’ सोलापुरात हे हमखास ऐकू येतं, पण थेरपिस्टचं काम इथूनच सुरू होतं. कसंतरी म्हणजे कुठं? घशात, छातीत, पोटात? आवळल्यासारखं की जड? नेमका शब्द सापडेपर्यंत घाई नको. इथं घरोघरी तेलुगू आणि कन्नडही बोलतात. भीती ज्या भाषेत येते, त्याच भाषेत ती सांगू द्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं. भाषा आधी निवडायची.