प्वो : चोक्वे पुरुषांनी नाचवलेली स्त्री

अंगोलाचा ईशान्य भाग, त्याला लागून काँगोचा दक्षिण भाग, आणि पलीकडे झांबिया. या तिन्ही देशांत चोक्वे लोक राहतात.

त्यांचा हा लाकडी मुखवटा जरा जवळून पाहा. अर्धवट मिटलेले डोळे. कानशीने घासलेले दात. कपाळावर क्रुसासारखी खूण. डोळ्यांखालच्या या उभ्या रेघा म्हणजे अश्रू. लाकडाला तेल आणि लाल माती चोळलीय, म्हणून ही कातडीसारखी तकाकी. आणि केस? झाडाच्या तंतूंचे, एकेक वळून गुंफलेले.

ही प्वो. लेकुरवाळी, मानाची पूर्वज स्त्री. कोरणारा कारागीर गावातली एखादी देखणी बाई हेरायचा आणि तिची केशरचना, तिच्या अंगावरच्या खुणा नीट न्याहाळून घ्यायचा. मुखवटा तयार झाला की नाचणारा कारागिराला तांब्याची अंगठी द्यायचा. ती वधूमूल्य म्हणून! मुखवट्याशी त्याचं नातंच जडायचं. तो वारला, की मुखवटाही पुरला जायचा.

प्वो नाचवतो नेहमी पुरुषच. अंगाला घट्ट बसणारा विणलेला पोशाख, त्यावर लाकडी स्तन, कमरेला खुळखुळे. पावलं मात्र जपून टाकायची, कारण पारखायला समोर गावातल्या बायका असतात. नाच बेंगरूळ झाला, तर त्या त्याला रिंगणाबाहेर घालवू शकतात.

चोक्वेंमध्ये कूळ आईकडून चालतं, वारसा मामाकडून भाच्याकडे जातो. त्याच समाजात आठ-बारा वर्षांच्या मुलांना आईपासून तोडून रानातल्या तळावर नेतात. हा मुकांडा. तिथे सुंता होते, पुरुषाची कामं शिकवली जातात. उंच निमुळत्या शिरोभूषणाचा चिकुंझा मुखवटा या विधीचा रक्षक. आईला तळावर मज्जाव. मला वाटतं, प्वोचा मान समजतो तो इथेच: मुलगा आईकडून काढून घेणारे पुरुष तिच्यासारख्याच स्त्रीचा चेहरा लावून नाचतात.

पूर्वी मुकांडा कित्येक महिने चालायचा. आता शाळेच्या वेळापत्रकामुळे तो एक ते तीन महिन्यांत उरकतात. झांबियातल्या या मुखवटा-परंपरेला युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. पण आज तिथे मुखवटेवाल्यांना राजकीय सभांनाही बोलावलं जातं. त्या सभांना मुकांडातून परतणारी मुलं नसतात, त्यांची वाट पाहणाऱ्या आयाही नसतात. अशा ठिकाणी प्वो नुसती करमणूक होऊन जाते, आणि ते पाहवत नाही.